धोपटणे, डोण आणि धुण्याची धोंड : जुनी अवजारे जमवू इच्छिणाऱ्यांसाठी

धुण्याची जुनी अवजारे कोकणातल्या घरात दर्शनी जागी सापडत नाहीत. ओटीवर झोपाळा असतो, देवघरात समया असतात, माजघरात तांब्यापितळेची भांडी मांडलेली असतात. धोपटणे, म्हणजे कपडे बडवण्याचे लाकडी अवजार, मात्र मागील दारी न्हाणीच्या वळचणीला खोचलेले, गोठ्याच्या माळ्यावर शेणींखाली दबलेले किंवा विहिरीच्या काठावर उन्हापावसात पडलेले असते. घरातल्या माणसांना ती जपण्याजोगी वस्तू वाटत नाही, म्हणून ती आजवर कोणी विकलेली नाही आणि म्हणूनच ती कोणत्याही दिवशी चुलीत जाऊ शकते. राजापूर तालुक्यातील आमच्या गावाच्या परिसरात मी गेली बारा वर्षे ही अवजारे जमवत आहे. येथे जे सांगणार आहे त्यातील बरेचसे चुका करून शिकलो, आणि त्या सर्वांतून एक गोष्ट पक्की झाली: या अवजारांची किंमत त्यांच्या झिजेत असते. ती झीज ओळखता आली पाहिजे आणि हाती आल्यावर ती पुसली जाता कामा नये.

सुरुवातीला संग्रहाची हद्द ठरवून घ्यावी. धुण्याशी संबंधित जे जे जुने ते ते घ्यायचे असे धोरण ठेवले, तर दोन वर्षांत पडवी भरते आणि घरातील माणसे बोलू लागतात. मी भिजवणे, बडवणे, वाळवणे आणि इस्त्री करणे एवढ्या कामांची अवजारे घेतो; साबणाची वेष्टने आणि निळीच्या पुड्या सोडून देतो. या हद्दीत लाकडी धोपटणी, पाणी साठवण्याची दगडी डोण, घंगाळे, जस्ती बालद्या, वलणीच्या काठ्या आणि परटाची कोळशाची इस्त्री एवढे येते. यातली नावेही ऐकण्यासारखी आहेत. बालदी, पिंप आणि घमेले हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले आणि आता ते इतके आपले झाले आहेत, की आमच्या गावात कोणाला सांगितले तर पटत नाही.

संग्रहाचा आरंभ धोपटण्यापासून करावा, कारण ते सहज मिळते, हलके असते आणि झीज कशी पाहावी हे त्याच्याइतके चांगले दुसरे कोणतेही अवजार शिकवत नाही. काही घरी त्याला मोगरी म्हणतात, काही घरी नुसते थापी. साधारण हातभर लांबीचे, चार-पाच बोटे रुंदीचे पाते आणि मुठीत मावेल असा निमुळता दांडा, हे सारे एकाच लाकडातून काढलेले असते. ओल्या कापडावर त्याचा सपाट घाव बसला की धाग्यांमधले पाणी जोराने बाहेर फेकले जाते आणि सुटलेला मळ त्याच्याबरोबर निघून जातो. लुगड्यासारखे कापड हाताने धोंडीवर आपटता येते. भिजल्यावर उचलवत नाही अशा गोधडीला, वाकळीला किंवा जाजमाला धोपटणेच लागते. म्हणून ज्या घरात माणसे पुष्कळ आणि अंथरुणे पुष्कळ, तेथे त्याची चौकशी आधी करावी.

हातात घेतल्यावर सर्वप्रथम पात्याच्या दोन्ही बाजूंची तुलना करावी. खऱ्या वापरातल्या धोपटण्याची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक गुळगुळीत आणि मध्यभागी किंचित खोलगट असते, कारण धुणारी बाई सवयीने एकच बाजू खाली धरते. टोकाकडचे कोपरे गोलावलेले असतात आणि त्यातही एक कोपरा अधिक, कारण घाव कधी अगदी सपाट पडत नाही. उजव्या हाताने वापरणारीचा आणि डावखुऱ्या बाईचा कोपरा वेगवेगळा झिजतो. राखेचे पाणी, सोडा आणि साबण यांच्या क्षाराने लाकडाचा वरचा थर सैल होतो, त्यामुळे पात्याचा रंग करडा पडतो आणि बोट फिरवले तर बारीक लव असल्यासारखी लागते. दांडा मात्र तसा नसतो. तो हाताच्या घर्षणाने नितळ झालेला असतो आणि अंगठा टेकतो तेथे पुष्कळदा सौम्य खळगा असतो. पाते आणि दांडा यांच्यातील हा फरक कृत्रिमपणे निर्माण करणे फार कठीण आहे.

लाकूड ओळखता आल्यास उत्तम. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळे असते आणि वर्षानुवर्षे गडद तपकिरी होत जाते. तळाशी एखादा ताजा टवका उडालेला असेल तर तेथे आतला पिवळेपणा दिसतो. ऐनाचे लाकूड जड आणि गडद, शिवणीचे हलके आणि फिकट. घडणीच्या खुणाही पाहाव्यात. वाकसाने तासलेल्या लाकडावर उथळ, अनियमित घाव दिसतात, तर गिरणीतल्या गोल करवतीने कापलेल्या लाकडावर एकसारख्या अर्धवर्तुळाकार रेघा राहतात. रेघा दिसल्या म्हणून ते टाकून देऊ नये, परंतु विकणारा शंभर वर्षांची गोष्ट सांगत असेल तर मनातल्या मनात वजाबाकी करावी.

माझी पहिली खरेदी फसली ती येथेच. एका बाजारात मला एक भारदस्त, रुंद पात्याचे लाकडी अवजार धोपटणे म्हणून मिळाले आणि मी ते मोठ्या अभिमानाने घरी आणले. आमच्या काकूने ते हातात घेऊन उलटे केले, खालच्या बाजूच्या भेगेतून नखाने वाळलेली माती उकरली आणि म्हणाली, “अरे, हे चोपणं आहे. याने खळं चोपतात. याने कपडे धुतलेस तर कपडे राहतील का?” चोपण्याचे पाते अधिक जाड असते, दांडा बहुधा तिरका किंवा वरच्या अंगाला बसवलेला असतो, म्हणजे उभ्याने किंवा ओणव्याने जमिनीवर मारता येईल असा, आणि त्याच्या तळाच्या भेगांत शेणमाती अडकलेली असते, जी धुण्याच्या अवजारात कधीही सापडणार नाही. जाता जाता आणखी एक खुलासा. “तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले” या म्हणीतले धुपाटणे ते हे नव्हे. ते धूप जाळण्याचे पात्र आहे; तरीही म्हणीतले धुपाटणे म्हणून धोपटणे दाखवणारे विक्रेते मला भेटले आहेत.

दगडाच्या बाबतीत माझा सल्ला वेगळा आहे: धुण्याची धोंड शक्यतो हलवू नये. आपल्या बहुतेक सड्यांवर जांभा असतो आणि जांभा सच्छिद्र व खरखरीत असल्यामुळे त्यावर कापड फाटते. म्हणून जांभ्या चिऱ्याने बांधलेल्या विहिरीच्या काठावरही धुण्याची धोंड तेवढी काळ्या दगडाची असते, आणि हा दगड नदीच्या पात्रातून किंवा दूरच्या खाणीतून मुद्दाम आणवलेला असतो. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि अर्धा फूट जाड अशा काळ्या दगडाचे वजन सुमारे सव्वाशे किलो भरते. ते उचलून आणणे हा एक प्रश्न, पण खरी अडचण अशी की धोंडीचा अर्थ तिच्या जागेत असतो. ती विहिरीच्या कोणत्या बाजूला बसवली आहे, पाणी कोठे वाहून जाते, ते आळवाला जाते की केळीला, उभे राहणारीच्या पायाखालचा चिरा किती झिजला आहे, हे सारे जागेवरच दिसते. अशा वेळी नोंद हाच संग्रह समजावा. धोंडीवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून मध्यभागी खोलगटपणा किती आहे तो मोजावा, चारही बाजूंनी सकाळच्या तिरक्या उन्हात छायाचित्रे घ्यावीत, कारण दुपारच्या उन्हात झीज दिसत नाही, आणि विहिरीसह साधा नकाशा काढावा. दगडी डोण असेल तर तिची आतली लांबी-रुंदी-खोली आणि पाणी सोडण्याच्या भोकाची जागा टिपावी.

धोंड पडक्या विहिरीवर सुटी पडलेली असेल आणि मालक स्वखुशीने देत असेल तरच ती आणण्याचा विचार करावा, आणि त्याआधी ती पालथी करून अवश्य पाहावी. कोकणात आणि घाटावरही वीरगळ, सतीशिळा यांसारखे कोरीव दगड सपाट पाठ वर करून धुण्यासाठी वापरलेले आढळतात. शिलाहारांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे गाढवाचे चित्र आणि शापवचन कोरलेले दगडही आपल्या भागात आहेत. खालच्या अंगाला चंद्रसूर्य, मानवी आकृती, गाढव किंवा अक्षरे दिसली तर दगड जागचा हलवू नये, त्यावर चुना, पीठ किंवा खडू फासून अक्षरे उठवण्याचा प्रयत्न करू नये आणि ग्रामपंचायतीला व पुरातत्त्व विभागाला कळवावे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि पुरावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणारे नातेवाईक “एखादी वस्तू आम्हालाही दे” म्हणतात, तेव्हा हे लक्षात ठेवावे.

धातूच्या वस्तूंबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांचे जाणकार पुष्कळ आहेत आणि त्यांची किंमत मोडीच्या भावाने ठरत असल्यामुळे घासाघीस फारशी होत नाही. घंगाळ घेताना कड्या मूळच्या आहेत की मागाहून जोडलेल्या हे पाहावे आणि बुडाला डाग देऊन केलेली दुरुस्ती असेल तर ती दोष मानू नये. तांब्यापितळेला चिंच किंवा कोकमाची साले लावून लख्ख करण्याची आपली सवय स्वयंपाकघरात योग्य आहे; संग्रहात ती वस्तूचा वरचा थर दर वेळी थोडा थोडा खाते. पितळावर आम्ल फार वेळ राहिले तर त्यातील जस्त निघून जाऊन गुलाबी डाग पडतात, जे पुन्हा जात नाहीत. कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे, एवढे पुरे. जस्ती बालदीला तर चिंच, कोकम, लिंबू यांपैकी काहीही लावू नये, कारण तेथे जस्ताचा पातळ मुलामा हाच लोखंडाचा एकमेव रक्षक असतो.

परटाची अवजारे हा वेगळा आणि अधिक नाजूक विषय आहे. घरगुती धोपटणे ही अडगळ असते. परटाची इस्त्री ही एका कुटुंबाची कमाई असते. आमच्याकडे परीट आणि दक्षिणेला गोव्याच्या बाजूला मडवळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कारागिरांच्या घरी जाताना आपण कामाची माहिती घेण्यासाठी आलो आहोत हे आधी सांगावे आणि वस्तू मागण्याची घाई करू नये. ‘परीटघडी’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण ती घडी प्रत्यक्ष कशी घालतात, भट्टीत कपडे कोणत्या क्रमाने रचतात, कोणाचे कपडे कोणते हे कसे ओळखतात, हे विचारले की माणसे मोकळी होतात. पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करीत. चुन्याच्या संगतीने तिचा काळा डाग असा पक्का बसतो की कापड फाटले तरी खूण जात नाही. या कामाची सुई, काडी किंवा वाटी मिळाली तर उघड्या हाताने चोळू नये. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले आहेत, आणि काजूबीच्या टरफलाचे तेल अंगावर उतते म्हणजे काय होते हे कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको. कोळशाची इस्त्री पितळी असो वा बिडाची, तिचे झाकण उघडून आतली राख मऊ ब्रशने पूर्णपणे काढावी. राख हवेतील ओलावा ओढून घेते आणि आतून गंज धरतो. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या इस्त्रीचा तळ त्यामुळे आतून पोखरलेला असू शकतो. मुठीचे लाकूड जळके असेल तर ते तसेच राहू द्यावे.

वाळवण्याच्या साधनांकडे संग्राहकांचे लक्ष जात नाही. सोवळे पाळणाऱ्या घरांत माजघरात किंवा मागच्या पडवीत आढ्याला टांगलेली दांडी असे आणि तिच्यावर हात न लावता वस्त्र टाकण्यासाठी टोकाला बेचके असलेली लांब काठी असे. दांडी बहुतेक घरांत आजही असते, तिच्यावर आता टॉवेल असतात. काठी मात्र आंबे काढायला गेलेली असते. ती मिळाली तर बेचक्याच्या आतल्या बाजूची झिलई पाहावी. ओले कापड वर्षानुवर्षे घासून ती शिंगासारखी गुळगुळीत झालेली असते आणि आंब्याच्या देठांनी तसे कधी होत नाही.

आता मागावे कसे, याविषयी. घरातील पुरुषाला विचारले तर तो किंमत सांगतो आणि बाईला विचारले तर ती गोष्ट सांगते, हा माझा अनुभव आहे, आणि आपल्याला आधी गोष्ट हवी असते. आजी, काकी, मावशी, वहिनी अशी वयाप्रमाणे हाक मारून, चहा झाल्यावर, “पूर्वी गोधड्या कशा धुवायचात?” असे विचारावे. “जुने काही विकायचे आहे का?” असा प्रश्न केला की आपण भंगारवाले ठरतो. मालवणच्या बाजूच्या एका आजींनी मला विचारले होते, “ह्यां कित्याक व्हया तुका?” मी खरे ते सांगितले: आमच्या घरचे धोपटणे आम्ही बंबात जाळले, त्याची आता चुटपुट लागली आहे. त्या हसल्या, आत गेल्या आणि दोन घेऊन आल्या. एक स्वतःचे, एक सासूचे. पैसे घेतले नाहीत. अशा ठिकाणी पुढच्या खेपेला काही उपयोगी भांडे किंवा आपल्या बागेतले फळफळावळ न्यावे. पैसे द्यावेच लागले तर साध्या धोपटण्याला नव्या प्लॅस्टिकच्या बालदीपेक्षा फार अधिक देऊ नये, कारण एकदा गावात भाव फुटला की दुसऱ्या महिन्यात तीन नवी ‘जुनी’ धोपटणी तयार होतात. जे अवजार अजून वापरात आहे ते मात्र कोणत्याही किमतीला घेऊ नये.

बाजारातून घ्यायचेच असेल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि मुंबईचा चोरबाजार या दोन्ही ठिकाणी असा माल अधूनमधून येतो. तेथे अलीकडे उपाहारगृहांच्या सजावटीसाठी रेघांच्या फळ्याही दिसतात, म्हणजे ज्यावर कपडा वरखाली घासतात त्या. त्या आपल्याकडच्या जुन्या घरांत मला कधी सापडल्या नाहीत. त्यांचे माहेर युरोप-अमेरिका. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कोलंबस येथे १८९५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे लोगनला हललेल्या कोलंबस वॉशबोर्ड कंपनीने तर त्या अगदी अलीकडेपर्यंत बनवल्या आहेत, तेव्हा जुना घाट म्हणजे जुनी वस्तू असे समजू नये. नकली जुनेपणा ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. झीज जेथे हात किंवा कापड पोहोचतच नाही अशा खाचेत दिसली, आणि काळपटपणा सगळीकडे सारखा व पॉलिशच्या वासाचा असला, तर वस्तू परत ठेवावी.

जमवण्यापेक्षा टिकवणे कोकणात कठीण आहे. पावसाळ्याचे चार महिने हवा ओली आणि किनाऱ्यालगत ती खारटही. पहिल्याच वर्षी मी सात धोपटणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवली आणि गणपतीच्या आधी उघडली तेव्हा त्यांना बोटभर पांढरी बुरशी आली होती. लाकूड हवेशीर जागी, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीला न टेकता ठेवावे; वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते. धूळ बसू नये म्हणून राजापुरी पंचासारखे विरळ सुती कापड गुंडाळावे. खोबरेल तेल लावण्याचा मोह आवरावा, कारण ते वाळत नाही, खवट होते आणि बुरशीला आमंत्रण देते. लाकूड फारच कोरडे पडून चिरू लागले असेल तरच जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि जादा तेल पुसून टाकावे. ते तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना तो स्वतःहून तापतो आणि पेट घेऊ शकतो. चिंध्या उन्हात पसरून वाळवाव्यात.

लाकडातून बारीक पिठासारखा भुसा पडू लागला तर आत कीड आहे. कोरड्या लाकडासाठी माझा उपाय असा आहे की वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवावी, म्हणजे दव लाकडावर न धरता पिशवीवर धरते. आमच्याकडे हे काम ओळखीच्या मासळीवाल्याच्या फ्रीझरमध्ये होते. सुरमईशेजारी धोपटणे पाहून गिऱ्हाईक काय समजत असेल ते असो. लोखंडावरचा गंज कोरड्या ब्रशने झाडून वर मेणाचा हलका थर द्यावा. मोडका दांडा नवा करून घेण्याचा विचार मनात येतो, आणि सावंतवाडीसारख्या ठिकाणी उत्तम लाकूडकाम करणारे कारागीर मिळतातही. तरी मी तसे करत नाही. मोडलेला दांडा सुतळीने बांधून बाईने पुढे दहा वर्षे वापरला असेल, तर ती सुतळी संग्रहातील सर्वांत मोलाचा भाग आहे.

नोंदवहीशिवाय हे सारे सरपण आहे. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि तो सुती दोऱ्याने बांधलेल्या कापडी चिठ्ठीवर लिहावा. चिकटपट्टी लावू नये, ती निघताना लाकडाची लव घेऊन निघते. वहीत त्या घरात वस्तूला काय म्हणत ते नाव, गाव आणि वाडी, लाकूड, मापे, झीज कोणत्या बाजूला, आणि सांगणाऱ्या व्यक्तीची परवानगी असेल तरच तिचे नाव लिहावे. काळ ठरवताना सन विचारून उपयोग होत नाही. “घरात निरमा आला त्याच्या आधी की नंतर?” असे विचारले की उत्तर लगेच मिळते. ती पावडर १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू झाली आणि आमच्या वाड्यांपर्यंत यायला तिला आणखी काही वर्षे लागली, पण आठवणीला खुंटी म्हणून ती पुरते. त्याच्या मागे जायचे तर ५०१ साबणाचा लांब बार दोऱ्याने कापून वापरण्याचे दिवस, आणि त्याच्याही मागे रिठे आणि राख. हे शिकायला पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि गोव्यात बाणावलीचे ‘गोवा चित्र’ संग्रहालय पाहावे. दोन्हीकडे साध्या वापरातल्या वस्तू कोणत्या आदराने मांडता येतात ते दिसते. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास सुरुवात केली तेव्हा दिवे आणि अडकित्ते हीसुद्धा अडगळच होती.

वर्षातून एकदा सगळी अवजारे बाहेर काढून तपासावी लागतात. मी त्यासाठी खंडेनवमीचा दिवस धरला आहे. पाऊस ओसरलेला असतो, ऊन कडक नसते आणि कोयता, कुऱ्हाड, पहार पूजेसाठी तशीही खळ्यात मांडलेली असतात. त्यांच्या रांगेत धोपटणी ठेवतो, चिठ्ठ्या वहीशी ताडून पाहतो, कोणती भेग रुंदावली ते टिपतो, आणि संध्याकाळी काकू येऊन त्यांनाही हळदकुंकू लावू लागली की हळदीचा डाग लाकडावरून जात नाही, म्हणून तिला फूल वाहण्यावर थांबवतो.